प्रेरणा पुरे, वाचलं काय ते सांगा

कथा-कादंबरीकाराची प्रकट मुलाखत ऐकायला गेलं की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो, ‘लेखनाची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळते?’ संमेलनाचा मांडव असो, तालुक्याच्या वाचनालयाची व्याख्यानमाला असो की यूट्यूबवरचा पॉडकास्ट, यातून सुटका नाही. उत्तरही ठरलेलं असतं. लेखक जरा वर बघतो. मग आजीच्या गोष्टी येतात, गावची नदी येते, ‘पात्रंच माझ्याकडून लिहून घेतात’ हे येतं आणि ‘मी पुस्तकांपेक्षा माणसं जास्त वाचतो’ या वाक्यावर टाळ्या पडतात. शाल-श्रीफळ होतं, आभार होतात, मंडळी समाधानाने घरी जातात. कादंबरी झाली कशी, याबद्दल मात्र कुणी ताकास तूर लागू दिलेला नसतो.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न आता काही वर्षं बंद ठेवावा. त्याच्या जागी दोन गोष्टी खोदून खोदून विचाराव्यात. काय वाचलं? आणि लिहायला वेळ कुणाच्या जिवावर मिळाला? पहिल्यातून लेखकाची उसनवारी कळते, दुसऱ्यातून त्याचा प्रपंच. दोन्ही गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात असा आपल्याकडे एक अलिखित संकेत होऊन बसला आहे, आणि या संकेताने मराठी कथा-कादंबरीचं नुकसानच केलं आहे.

उसनवारीला आपण लाजायचं खरं तर कारण नव्हतं. मराठी कादंबरीचा पायाच वाचनावर रचलेला आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ १८८५ची. तिच्या मागे रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीचा नमुना होता, हे वाङ्मयेतिहासात नोंदलेलं आहे. रेनॉल्ड्स म्हणजे त्या काळातला खपाऊ लेखक, विद्वानांनी नाक मुरडावं असा. पण पुढे पाचच वर्षांत, १८९०पासून, याच हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहायला घेतली आणि यमूची गोष्ट पुण्या-मुंबईतल्या घराघरांत पोचली. त्या कादंबरीत रेनॉल्ड्स शोधून सापडत नाही. हप्त्याहप्त्याने वाचकाला धरून कसं ठेवायचं, हे मात्र असल्या मालिका वाचूनच हाताला लागतं. हरिभाऊ स्वयंभू होते असं म्हणून आपण त्यांना मोठं करत नाही. रेनॉल्ड्सपासून यमूपर्यंतचं अंतर त्यांनी कसं कापलं हे बघितलं, तर त्यांचा मोठेपणा जास्त कळतो.

‘मी माणसं वाचतो’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. माणसं सगळेच बघतात. चहाच्या टपरीवाला कुठल्याही कादंबरीकारापेक्षा जास्त माणसं बघतो. तो कादंबरी लिहीत नाही, कारण माणसाचं बोलणं कागदावर कसं उतरतं, प्रसंग कुठे तोडायचा, कोणाच्या डोळ्यांनी सांगायचा, हे माणसं बघून कळत नाही. ते दुसऱ्याने लिहिलेलं वाचूनच कळतं. एम.ए., पीएच.डी. झालेला, विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं कादंबरी शिकवणारा लेखक जेव्हा व्यासपीठावर ‘मी फारसं वाचत नाही’ म्हणतो, तेव्हा ती निव्वळ ऐट असते.

ज्यांना हे वाक्य खरंच शोभलं असतं, त्या अण्णा भाऊ साठ्यांनी ते म्हटलं नाही. शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरओळख पक्की केली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिणारा हा माणूस रशियन लेखक गॉर्की वाचत होता आणि ते लपवतही नव्हता. १९५९ साली ‘फकिरा’ आली. तिची अर्पणपत्रिका बघा, ती आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला. अर्पण माणसाला होतं, आईवडिलांना होतं, इथे ते लेखणीला आहे. आपण कुणाचं लिहिलेलं वाचून घडलो याची इतकी सरळ कबुली मराठीत फार थोड्यांनी दिली असेल. मुलाखतीत तासभर घेऊनही आपले लेखक जे सांगत नाहीत, ते अण्णा भाऊंनी एका ओळीत सांगून टाकलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कोणाला काय विचारायचं, यात आपल्याकडे जात डोकावते. १९६३ हे एकच साल घ्या. त्या साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली, जयवंत दळवींची ‘चक्र’ आली आणि बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. ‘कोसला’च्या बाबतीत अमेरिकन कादंबरीकार सॅलिंजरचं नाव काढून पुढे कित्येक वर्षं वाद झाले. प्रभाव किती, शैली कुठली, निवेदनाची युक्ती कोणाची, हे सगळं बोललं गेलं. बागुलांच्या कथेबद्दल मात्र ‘दाहक अनुभव’, ‘विद्रोह’, ‘वेदना’ हेच शब्द फिरत राहिले. जणू त्या कथा त्यांनी लिहिल्याच नाहीत, त्या नुसत्या सोसल्या. कथेचा शेवट त्यांनी तसा का केला, निवेदक असाच का निवडला, वाचनात कोण होतं, हे प्रश्न त्यांच्या वाट्याला फार कमी आले. आजही दलित, आदिवासी, भटक्या समाजातून आलेल्या लेखकाला मुलाखतीत दुःख विचारतात आणि बाकीच्यांना काफ्का. प्रेरणेचा प्रश्न वरकरणी सोज्वळ दिसतो, पण तो काही लेखकांना कारागीर म्हणून कधी पुढे येऊच देत नाही. ‘काय वाचलं’ हा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारता येतो.

मग लेखकाने बोलावंच का, असा एक मुद्दा निघतो आणि त्यात जी. ए. कुलकर्ण्यांचं नाव पुढे केलं जातं. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, डोळ्यांवर काळा चष्मा, सभा-संमेलनांपासून चार हात लांब. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार वादात सापडल्यावर तोही परत करून मोकळे झालेले. लेखकाने लिहावं आणि गप्प बसावं, जीएंसारखं, असं आपण म्हणतो. पण जीए गप्प कुठे होते? त्यांच्या मागे त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. त्यातला एक सगळा खंड सुनीता देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे, आणि सुनीताबाईंची बाजू ‘प्रिय जी. ए.’मध्ये वाचायला मिळते. ही पत्रं वाचताना दिसतो तो भरभरून बोलणारा, आवडीनिवडी ठणकावून सांगणारा, एखाद्या पुस्तकावर पानंच्या पानं लिहिणारा वाचक. जीएंनी व्यासपीठ नाकारलं, बोलणं नाकारलं नाही. त्यांनी ऐकणारा निवडून घेतला, एवढंच.

आणि पत्रांच्याही पुढचा एक पुरावा त्यांनी ठेवला आहे, तो म्हणजे अनुवाद. लेखकाची खरी आवड कळायला याच्याइतकं भरवशाचं साधन नाही. मुलाखतीत कोणीही बोर्हेस आवडतो म्हणू शकतो, त्याला काही खर्च पडत नाही. पण अख्खी कादंबरी वाक्यावाक्याने आपल्या भाषेत आणायची तर महिनोन्‌महिने तिच्यासोबत राहावं लागतं, आणि न आवडलेल्या पुस्तकासोबत इतका काळ कोणी राहत नाही. जीएंनी कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. अमेरिकेतल्या ओहायोच्या घनदाट जंगलात वस्तीला आलेलं कुटुंब, झाडं तोडणं, जमीन कसणं, हळूहळू गाव उभं राहणं, अशी ती गोष्ट. नियतीच्या फेऱ्यात सापडलेली, एकेकटी, काळोखात चाचपडणारी माणसं लिहिणाऱ्या जीएंना हा कुऱ्हाड-नांगराचा, घाम गाळून घर उभं करणाऱ्या माणसांचा लेखक इतका जवळचा वाटावा, यावर मला वाटतं आपण अजून पुरेसा विचार केलेला नाही. त्यांच्या कथांमधलं रान, दगड, ऊन, पाणी किती नेमकं असतं हे रिक्टर शेजारी ठेवून वाचलं की जास्त उमगतं. पु. लं.नी हेमिंग्वेची ‘एका कोळियाने’ केली, गौरी देशपांड्यांनी ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणले. गौरीबाईंच्या कादंबऱ्यांमधल्या मनस्वी बायका आणि रात्रीमागून रात्र गोष्ट लांबवत जीव वाचवणारी शहाजादी यांचं नातं काय असेल, हा प्रश्न त्यांच्या हयातीत कोणी व्यासपीठावर नीट खोदून विचारला असता तर किती काही हाती लागलं असतं.

वाचनाबद्दल लिहिणारे आपल्याकडे अगदीच नाहीत असं नाही. विलास सारंगांनी ‘लिहित्या लेखकाचं वाचन’ या नावाचं पुस्तकच लिहिलं. समीक्षकाच्या वाचनापेक्षा लेखकाचं वाचन वेगळं असतं. तो कामाचं काय आहे ते बघतो, लांबवता येईल ते लांबवतो, आणि काही पुस्तकं तर भांडायलाच वाचतो. सतीश काळसेकर कवी, पण त्यांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणजे अशा लेखनाची कदर होते हेही खरं. कथाकार-कादंबरीकार मात्र या वाटेला क्वचित जातात.

का जात नाहीत, याची दोन कारणं मला दिसतात. एक ताजं आहे. समाजमाध्यमांवर वाङ्मयचौर्य शोधणाऱ्यांची फौज बसलेली असते. ‘अमुक कादंबरी वाचताना ही कल्पना सुचली’ एवढं म्हणायची खोटी, संध्याकाळपर्यंत दोन पानांचे फोटो शेजारी-शेजारी लावून पोस्ट फिरायला लागते. प्रभाव कशाला म्हणायचं आणि उचलेगिरी कशाला, हा फरक करण्याइतकी सवड कोणाला नसते. लेखक मग शहाणपणाने तोंड मिटतो.

दुसरं कारण जुनं आहे. १९३१ साली ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहिलं. गोष्ट कशी रचावी, गुंतागुंत कुठे करावी, उकल कशी करावी, हे त्यांनी शिकवायला घेतलं. त्या तंत्राच्या पुढे अतिरेक झाला, साचेबंद लघुकथांचं पीक आलं, आणि १९४५च्या आसपास नवकथा, म्हणजे ठरीव साचे नाकारणारी नव्या वळणाची कथा, आली तेव्हा तिने या तंत्राची यथेच्छ टिंगल केली. ती रास्तच होती. पण त्या भरात ‘तंत्र’ हा शब्दच बदनाम झाला. कथा कशी लिहिली हे विचारणं म्हणजे हलकं काहीतरी, फडकेछाप, असा समज रूढ झाला आणि तो आजही पुसला गेलेला नाही. नवकथेच्या शिलेदारांनी स्वतः रचनेवर जिवापाड मेहनत घेतली होती, ते सोयीस्करपणे विसरलं गेलं.

हा समज कसा काम करतो ते परवा एका व्याख्यानमालेत बघायला मिळालं. कादंबरीकार नावाजलेले, मुलाखत घेणारे प्राध्यापक, हातात प्रश्नांची कार्डं. श्रोत्यांकडून चिठ्ठ्या आल्या. त्यात वहीच्या आखीव पानावर निळ्या बॉलपेनाने लिहिलेली एक होती, ‘सर, तुम्ही आधी वहीत लिहिता की थेट मोबाइलवर? शेवट आधी ठरलेला असतो का? मी एक गोष्ट लिहायला घेतली आहे, ती मध्येच अडकली आहे.’ प्राध्यापकांनी निम्मी वाचली, हसले, सभागृहही हसलं. ‘हे जरा तांत्रिक आहे, नंतर बघू,’ म्हणून चिठ्ठी कार्डांच्या खाली गेली आणि आजच्या अस्वस्थ वर्तमानात लेखकाची भूमिका काय असावी यावर पुढची वीस मिनिटं गेली. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी तीन पोरं लेखकाभोवती उभी होती. त्यांना तो सांगत होता, की पहिल्या खर्ड्यात नायकाला धाकटा भाऊ होता, पण आईचं एकही वाक्य बोलायला जागा उरत नव्हती, म्हणून भावाची बहीण केली, तेव्हा घरातली भांडणं लिहिता यायला लागली. शेवट तीनदा बदलला. संपादकांनी मधली चाळीसेक पानं काढायला लावली, तेव्हा राग आला होता, आता ती पानं आठवतही नाहीत. कथालेखनाबद्दल त्या दिवशी जे काही कामाचं बोललं गेलं ते सगळं चहाच्या टेबलापाशी, आणि ऐकायला होते तिघं.

त्या संपादकाचा उल्लेखसुद्धा व्यासपीठावर झाला नव्हता, हे विशेष. मराठी कथा घडली त्यात संपादकांचा हात मोठा आहे. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद होईपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी कथेच्या एकेका जागेवरून पत्रव्यवहार करत, सूचना करून कथा परत पाठवत. कित्येक कथा तशा फेऱ्या मारून छापल्या गेल्या. ‘पात्रंच लिहून घेतात’ म्हणणाऱ्याच्या पात्रांना संपादकाचं पत्र आल्यावर वेगळं वागावं लागत होतं, हेही मुलाखतीत सांगायला काय हरकत आहे? दिवाळी अंकाचंही तसंच. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी कथेचं वेळापत्रक बऱ्याच अंशी दिवाळीने ठरवलं आहे. उन्हाळ्यात संपादकाचं पत्र येतं, गणपतीच्या आत कथा द्यायची असते. दीर्घकथा हा प्रकार आपल्याकडे एवढा फोफावला त्यामागे दिवाळी अंकातली जागा आणि मुदत यांचा वाटा प्रतिभेइतकाच असावा, असं मला नेहमी वाटतं.

आता दुसरा प्रश्न, वेळेचा. लेखनाच्या सवयींबद्दल हल्ली रील्स फिरतात. जपानी कादंबरीकार मुराकामी पहाटे चारला उठतो, पाच-सहा तास लिहितो, दहा किलोमीटर धावतो. आपली पोरं गजर लावतात, आठवडाभर उठतात, मग स्वतःला आळशी ठरवून लिहिणं सोडतात. त्याच मुराकामीने स्वतः सांगितलेली दुसरी हकिकत कोणी रीलमध्ये घालत नाही. पहिली कादंबरी लिहिली तेव्हा तो टोकियोत बायकोसोबत जॅझचा बार चालवत होता, आणि रात्री बार बंद करून घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत होता. पहाटे चारची शिस्त बार विकल्यानंतरची, लेखनावर पोट चालायला लागल्यानंतरची. सवयीची नक्कल करण्याआधी तिचा खर्च कोण उचलतंय ते बघितलं पाहिजे.

याबाबतीत सगळ्यात सच्चा माणूस म्हणजे अँथनी ट्रोलप. त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या बऱ्याच इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करत. १८८३ साली, तो गेल्यावर, त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात सगळा हिशेब आहे. पहाटे साडेपाचला टेबलापाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द, कुठल्या पुस्तकाचे किती पैसे मिळाले त्याची यादी. आणि मला सर्वांत आवडणारी बाब, की वेळेवर उठवून कॉफी आणून देण्याबद्दल एका नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा, आणि आपल्या यशाचं श्रेय इतर कोणाहून जास्त या माणसाला आहे असं त्याने लिहून ठेवलं. लोकांना हे मानवलं नाही. कलावंत असा घड्याळ लावून लिहितो म्हणजे काय! त्याची कीर्ती या पुस्तकानंतर चांगलीच उतरली, वर यायला बराच काळ गेला. खरं सांगितलं की भाव उतरतो, हे आपल्या लेखकांनाही ठाऊक असावं.

मराठीत लेखनावर जगणारे थोडे. श्री. ना. पेंडसे पंचवीसएक वर्षं मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये नोकरी करत होते, ‘रथचक्र’ तिथलीच. दळवी अमेरिकन माहिती खात्यात होते, आणि ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने ‘ललित’ मासिकातून लेखकांच्या असल्याच ऐटींची टोपी उडवत होते. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत. ‘धग’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या उद्धव शेळक्यांना पोटासाठी लोकप्रिय कादंबऱ्यांची रास घालावी लागली. आजचा हिशेब मांडायला गणित लागत नाही. हजार प्रतींची आवृत्ती धरा, तीनशे रुपये किंमत, दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती खपल्या तरी तीस हजार रुपये. दोन-तीन वर्षांच्या कामाचे. म्हणजे ते काम कोणाच्या तरी पगारावर, शेतीवर, निवृत्तिवेतनावर, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कष्टांवर चाललेलं असतं. साने गुरुजींना ‘श्यामची आई’ लिहायला १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात निवांत वेळ मिळाला आणि त्यांनी ती पाच दिवसांत संपवली. ब्रिटिश सरकारने मराठी कथात्म साहित्याला दिलेलं हे बहुधा सर्वांत मोठं अनुदान!

बायकांना हा प्रश्न विचारला जातोच. ‘घर सांभाळून लिहिणं कसं जमतं?’ लेखिका वैतागतात, आणि तो बंद व्हावा अशी मागणी होते. मी उलट म्हणेन. तो चालू ठेवा आणि पुरुषांनाही विचारा. उर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये (२००३) आईचं बांबूच्या कामट्यांचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच आहे असं म्हटलं. पोटासाठी टोपल्या विणणारी आई त्यांच्या लेखनप्रक्रियेत अशी उघडपणे आहे. आता मराठीतल्या ज्येष्ठ पुरुष कादंबरीकारांच्या मुलाखती काढून बघा. सहाशे पानांची कादंबरी लिहीत असताना डबा कोणी भरला, मुलांचा अभ्यास कोणी घेतला, हस्तलिखिताची मुद्रणप्रत कोणी केली, याचा उल्लेख आलाच तर ‘सौभाग्यवतींच्या सहकार्याशिवाय’ या एका ओळीत. पाच पौंड नाहीत, नोंद तरी असावी.

जयंत नारळीकरांनी आपल्या पहिल्या विज्ञानकथेची हकिकत सांगितली आहे, ती मला अशा बोलण्याचा नमुना वाटते. परिषदेतलं एक व्याख्यान कंटाळवाणं झालं म्हणून त्यांनी तिथेच कागद काढून कथा लिहायला घेतली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगला यांच्याकडून कथा लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. विज्ञानकथेत आपला आदर्श म्हणून ते आपले गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव घेत. वाचन कोणाचं, वेळ कुठून काढला, हात कोणाचा, पारख कशी करून घेतली, सगळं यात आहे. प्रेरणेच्या खात्यावर फक्त कंटाळा. यातून नारळीकर कुठे लहान झाले?

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. लेखक स्वतःबद्दल सांगतो ते खरं कशावरून? एडगर ॲलन पोने १८४६ साली ‘द रेव्हन’ ही कविता आपण गणितासारखी पायरीपायरीने रचली असं निबंध लिहून सांगितलं, आणि त्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. आठवणी सोयीच्या होतात, हे मान्य. म्हणून तर प्रेरणेपेक्षा वाचन बरं. प्रेरणा तपासता येत नाही. अमुक साली अमुक पुस्तक वाचलं, हे पुस्तक उघडून बघता येतं, कादंबरीशेजारी ठेवता येतं, आणि लेखकाने सांगितलेलं खोटं असेल तर तेही तिथेच उघडं पडतं. खर्डे असतील तर प्रश्नच मिटला. कोलंबियाचा कादंबरीकार मार्केस याची हस्तलिखितं, दुरुस्त केलेले खर्डे, पत्रं टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरने २०१४ साली घेतली, आज ती अभ्यासकांना बघता येतात. आपल्याकडे पुस्तक छापून आलं की खर्डा रद्दीत जातो, आणि हल्ली तर तो नव्या फाइलखाली पुसलाच जातो. पत्रंही गेली. जीए आणि सुनीताबाईंसारखे दोन लेखक आज एकमेकांशी पुस्तकांवर बोलत असतील तर ते व्हॉट्सॲपवर, आणि फोन बदलताना बॅकअप घेतला नाही की सगळं साफ. तेव्हा जे पत्रांत व्हायचं ते आता मुलाखतीत व्हायला हवं. दुसरी जागा राहिलेली नाही.

फार मोठी सुधारणा नकोच. दिवाळी अंकांच्या संपादकांनी पुढच्या उन्हाळ्यात लेखकांना पत्र धाडताना त्यात एक ओळ वाढवावी, ‘कथेसोबत, ती लिहीत असताना वाचलेल्या तीन पुस्तकांची नावं कळवा.’ आणि ती नावं कथेच्या शेवटी बारीक अक्षरात छापून टाकावीत. कोणी ‘त्या काळात काहीही वाचत नव्हतो, माणसं वाचत होतो’ असं कळवलं, तर तेही छापावं, जसंच्या तसं, नावानिशी.